सहवासाचा परवाना

विवाहाला साक्षी कोण, या प्रश्नाचें आपल्याकडील जुनें उत्तर देव, अग्नि आणि द्विज असें आहे; नोंदणी-विवाहाचा कायदा आल्यापासून त्यांच्या पंक्तीला सरकारी अधिकारीहि येऊन बसला. परंतु वधू एका देशाची आणि वराचें बिऱ्हाड दुसऱ्या देशांत, अशी जेथें स्थिति असते, तेथें आणखी एक साक्षीदार लागतो, आणि तो सर्वांच्या शेवटीं बोलतो. तो म्हणजे परक्या देशाचा प्रवेश-अधिकारी. अक्षता टाकावयास तो हजर नसतो. पण त्या दोघांनीं एका छपराखालीं राहावें कीं नाहीं, याचा निकाल त्याच्या शिक्क्यावर अवलंबून असतो. आज पुण्यामुंबईकडील कित्येक सुशिक्षित घरांत लग्नाच्या छायाचित्रांचे दोन संच निघतात: एक आप्तेष्टांना दाखविण्यासाठीं, आणि दुसरा, पत्रव्यवहार, घरभाड्याचा करार व बँकेचे उतारे यांच्या जोडीला, हें लग्न खरें असल्याचें परदेशच्या सरकारपुढें शाबीत करण्यासाठीं. ही कटकट विमानयुगाबरोबर आली, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ती शंभर वर्षांहून जुनी असून तिच्यापायीं आपल्या लोकांनीं तुरुंग भोगला आहे. तो इतिहास थोडक्यांत सांगावा आणि त्यांतून काय निष्पन्न होतें तें पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

मजूर हवा पण त्याचा संसार नको, ही वृत्ति वसाहतींच्या बाल्यावस्थेपासूनची आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना हात कमी पडूं लागले, तेव्हां हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेण्याची पद्धति सुरू झाली. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचें मजुरांच्या तोंडीं 'गिरमिट' झालें, आणि मजूर 'गिरमिटिये' ठरले. दक्षिण आफ्रिकेंतील नाताळच्या किनाऱ्यास अशा गिरमिटियांचें पहिलें जहाज ता. १६ नोव्हेंबर १८६० रोजीं लागलें. शंभर पुरुषांमागें चाळीस स्त्रिया न्याव्या, असें प्रमाण या पद्धतींत ठरून गेलें होतें. त्या स्त्रिया कोणाच्या पत्नी, कोणाच्या माता, याच्याशीं या आंकड्याला कर्तव्य नव्हतें. मजुरांच्या टोळीबरोबर जसें तांदूळ आणि डाळ यांचें प्रमाण, तसेंच हेंहि एक. पुढें करार संपल्यावर कांहीं मजूर त्याच भूमींत घर करून राहूं लागले, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांचें पित्त खवळलें. १८९५ च्या कायद्यानें, जो मजूर परत जाणार नाहीं किंवा पुन्हां करार करणार नाहीं, त्याच्यावर दरसाल तीन पौंडांचा कर बसला. पुढें तो सोळा वर्षांवरील मुलांवर आणि तेरा वर्षांवरील मुलींवरहि लागू झाला. नवरा, बायको आणि दोन मुलें अशा कुटुंबास वर्षाला बारा पौंड भरावे लागत. आणि गांधीजींनीं नमूद केल्याप्रमाणें अशा नवऱ्याची सरासरी कमाई महिन्याला चौदा शिलिंगांहून अधिक नसे. वाचकांनीं स्वतःच हिशेब करून पाहावा. वर्षाची सारी मिळकत आठ पौंड आठ शिलिंग, आणि कर बारा पौंड! संसार मांडाल तर दंड भरा, याहून या कराचा दुसरा अर्थ संभवत नाहीं.

गिरमिटियांची ही दशा. स्वखर्चानें गेलेल्या व्यापाऱ्यांची स्थिति कांहींशी बरी होती. ज्याचें वास्तव्य तेथें कायम झालें आहे, त्यास आपली पत्नी व अज्ञान मुलें हिंदुस्थानांतून आणण्याची मुभा असे. या मुभेच्या मुळावरच घाव घालणारा निकाल ता. १४ मार्च १९१३ रोजीं केप प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयांत न्यायमूर्ति सर्ल यांनीं दिला. तेथें स्थायिक झालेल्या एका मुसलमान गृहस्थानें हिंदुस्थानांत येऊन आपल्या धर्माप्रमाणें लग्न केलें होतें; त्याच्या पत्नीला बंदरावर उतरूं दिलें नाहीं म्हणून तो कोर्टांत गेला होता. न्यायमूर्तींनीं असें ठरविलें कीं, ज्या धर्मांत एकाहून अधिक बायका करण्यास मोकळीक आहे, त्या धर्माच्या विधीनें झालेला विवाह हा त्या देशाच्या कायद्याच्या दृष्टीनें विवाहच नव्हे. सबब ही स्त्री 'पत्नी' या संज्ञेंत बसत नाहीं. प्रत्यक्षांत त्या गृहस्थाला एकच बायको होती कीं चार, हा प्रश्नच उरला नाहीं. दोष माणसाचा नसून त्याच्या धर्माचा ठरला. या तर्कानें पाहूं गेल्यास हिंदु, मुसलमान आणि पारशी यांचीं आफ्रिकेंतील बहुतेक सर्व लग्नें एका लेखणीच्या फटकाऱ्यानें रद्द झालीं; पत्नी रखेली ठरल्या, आणि त्यांच्या मुलांच्या वारसाहक्कावरहि सावट आलें.

तोंपर्यंत सत्याग्रहाच्या तुरुंगवासापासून गांधीजींनीं स्त्रियांना दूर ठेविलें होतें. या निकालानें तो बांध फुटला. कारण अपमान आतां थेट त्यांच्याच कपाळावर येऊन पडला होता. सप्टेंबर १९१३ मध्यें फिनिक्स आश्रमांतून सोळा जणांची पहिली तुकडी परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडण्यास निघाली. त्यांत चार स्त्रिया होत्या व त्यांपैकीं एक कस्तुरबा होत्या. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. ट्रान्सवालकडील स्त्रियांची, बहुतांशीं तामिळ भगिनींची, दुसरी तुकडी उलट दिशेनें नाताळांत शिरली आणि न्यूकॅसल येथील कोळशाच्या खाणींपर्यंत जाऊन पोहोंचली. त्या भगिनींनीं खाणींतील मजुरांना तीन पौंडांच्या कराची कथा सांगितली, आणि मजुरांनीं कुदळी खालीं ठेविल्या. ता. ६ नोव्हेंबर रोजीं ट्रान्सवालकडे जो प्रख्यात मोर्चा निघाला, त्यांत गांधीजींच्या मोजणीप्रमाणें २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुलें होतीं. वल्लिअम्मा नांवाची सोळा वर्षांची मुलगी तुरुंगांतून ताप घेऊनच बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्यें निवर्तली. विवाहाच्या मान्यतेसाठीं झालेल्या या लढ्यांत जिनें प्राण वेंचला, ती स्वतः एक कोंवळी पोर होती, हें आम्हांस विसरवत नाहीं.

या प्रकरणाशीं महाराष्ट्राचा संबंध नामदार गोखल्यांच्या द्वारें येतो. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्यें ते स्वतः आफ्रिकेंत जाऊन मंत्र्यांना भेटले होते, आणि कर रद्द होईल अशा समजुतीनें परतले होते. ती समजूत फोल ठरल्यावर, प्रकृति ढासळलेली असतांहि, त्यांनीं हिंदुस्थानभर या लढ्यासाठीं निधि जमविला व अँड्र्यूज आणि पिअर्सन या दोघां सद्गृहस्थांना तिकडे रवाना केलें. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांनींहि मद्रास येथें उघडपणें सत्याग्रहींविषयीं सहानुभूति दर्शविली. शेवटीं १९१४ च्या मध्यास 'इंडियन रिलीफ ॲक्ट' पास झाला. तीन पौंडांचा कर गेला. ज्याला प्रत्यक्षांत एकच पत्नी आहे, त्याचा विवाह ग्राह्य धरून ती पत्नी व तिचीं अज्ञान मुलें यांस प्रवेश मिळाला. आणि हिंदी धर्मगुरूंना विवाह-अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. जय झाला खरा. परंतु त्याच देशानें १९५३ सालीं, वर्णभेदाच्या भर अमदानींत, बाहेरदेशीं लग्न झालेल्या हिंदी पत्नींना येण्याची बंदी केली. ज्या हक्कासाठीं कस्तुरबा तुरुंगांत गेल्या, तो चाळीस वर्षांच्या आंत कायद्याच्या पुस्तकांतून पुसला गेला.

आफ्रिकेंत हा वाद पेटत होता त्याच सुमारास ब्रिटिश साम्राज्याच्या दुसऱ्या टोंकाला, कॅनडांत, तोच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. तेथील पश्चिम किनाऱ्यावर लांकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या कामांवर सुमारें पांच हजार हिंदी लोक गेले होते. त्यांत बहुतेक शीख, आणि जवळजवळ सारे पुरुष. १९०८ सालीं कॅनडा सरकारनें हुकूम काढला कीं, प्रवाशानें आपल्या जन्मदेशापासून एकाच तिकिटावर अखंड प्रवास करून आलें पाहिजे. दिसावयास हा नियम सर्वांना सारखा. पण हिंदुस्थानाहून कॅनडाला थेट जाणारी आगबोटच नव्हती! शिवाय आशियांतील प्रवाशांजवळ दोनशें डॉलर असले पाहिजेत, अशी अटहि घातली गेली. जातीचें नांव न घेतां जात कशी वगळावी, याचा हा नमुनाच म्हटला पाहिजे.

व्हँकूव्हरच्या खालसा दिवाण सोसायटीचे अध्यक्ष भाई भागसिंग आणि तेथील गुरुद्वाराचे ग्रंथी भाई बळवंतसिंग हे आपलीं कुटुंबें आणण्यासाठीं पंजाबांत गेले. अनेक बंदरांवर तिकिटें नाकारलीं गेलीं. अखेर १९१२ च्या आरंभीं ते बायकामुलांसह व्हँकूव्हरला पोहोंचले. कॅनडाचे रहिवासी म्हणून त्या दोघां पुरुषांना उतरूं दिलें. त्यांच्या बायकांना आणि कडेवरच्या पोरांना मात्र परत पाठविण्याचा हुकूम झाला. प्रकरण कोर्टांत गेलें, वर्तमानपत्रांत गाजलें, आणि शेवटीं सरकारनें त्यांना राहूं दिलें. परंतु तें हक्क म्हणून नव्हे, तर 'कृपा म्हणून', आणि पुढें कोणीं हा दाखला सांगूं नये अशा बेतानें. १९१३ सालीं ज्या शिष्टमंडळानें लंडनला आणि हिंदुस्थानांत जाऊन दाद मागितली, त्यांत बळवंतसिंग होतेच. १९१४ सालीं 'कोमागाता मारू' जहाज ३७६ उतारू घेऊन आलें आणि दोन महिने बंदरांत अडकून बहुतेक सर्व उतारूंसह परत फिरलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत भागसिंगांना गुरुद्वारांतच गोळी घालण्यांत आली. आणि १९१७ सालीं बळवंतसिंग लाहोर कटाच्या एका पूरक खटल्यांत फांशीं गेले. पांच वर्षांमागें बायकामुलांस आणण्यासाठीं अर्ज करणारा ग्रंथी पांच वर्षांनीं राजद्रोही म्हणून वधस्तंभावर चढतो, या घटनेंतील कार्यकारणाची सांखळी लावण्यास मोठ्या इतिहासकाराची गरज नाहीं.

महायुद्धांत हिंदी शिपायांनीं रक्त सांडल्यावर साम्राज्याला थोडी लाज वाटली. १९१८ च्या साम्राज्य-युद्ध-परिषदेंत हिंदुस्थानच्या बाजूनें सर सत्येंद्रप्रसन्न सिंह उपस्थित होते. तेथें ठराव झाला कीं, वसाहतींत कायम राहिलेल्या हिंदी माणसास एक पत्नी व तिचीं अज्ञान मुलें आणतां यावीं. मात्र ती त्याची कायदेशीर पत्नी असल्याचा दाखला हिंदुस्थान सरकारनें द्यावा. कॅनडानें १९१९ सालीं तसा हुकूम काढला. आज परदेशस्थ जोडप्यांना जो विवाहाचा दाखला जिवापाड जपावा लागतो, त्याचे पूर्वज शोधावयाचे झाल्यास या ठरावाकडे बोट दाखवितां येईल.

यानंतरचें प्रकरण खुद्द विलायतेंत घडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला गिरण्या, ओतशाळा, बसगाड्या आणि इस्पितळें यांसाठीं माणसें हवीं होतीं. तीं वेस्ट इंडीज, हिंदुस्थान व पाकिस्तान येथून आलीं. १९६२ च्या कायद्यानें राष्ट्रकुलांतील लोकांवर प्रथमच निर्बंध आले, तरी पत्नीला आणि सोळा वर्षांखालील मुलांना त्यांतून सूट होती. मग एकेक खिळा ठोकला जाऊं लागला. १९६९ सालीं कुटुंबीयांनीं मायदेशींच प्रवेशाचा दाखला मिळविणें सक्तीचें झालें, आणि ज्या बायका विलायतेंत स्थायिक होत्या, त्यांना आपले पति बोलावण्याचा मार्ग जवळजवळ बंद करण्यांत आला. तो १९७४ सालीं उघडला, आणि १९८० सालीं पुन्हां आंवळला गेला. पुरुषानें बायको आणणें ही रीत, पण बायकोनें नवरा आणणें हा संशयास्पद व्यवहार, अशी त्यामागील समजूत होती.

या संशयाची परिसीमा ता. २४ जानेवारी १९७९ रोजीं लंडनच्या हीथ्रो विमानतळावर झाली. पस्तीस वर्षांची एक हिंदी शिक्षिका तेथें राहणाऱ्या आपल्या नियोजित वराशीं लग्न करण्यासाठीं आली होती. लग्न ठरलेल्या स्त्रीस आगाऊ दाखल्याची जरुरी नसे, विवाहित स्त्रीस असे. म्हणून ही बाई आधींच विवाहित तर नाहीं ना, हें पाहण्यासाठीं अधिकाऱ्यांनीं डॉक्टरकरवीं तिच्या कौमार्याची तपासणी करविली. 'गार्डियन' पत्रानें हा प्रकार फोडतांच गृहमंत्री मर्लिन रीस यांनीं अशा तपासण्या बंद केल्या. हा एखाददुसऱ्या अधिकाऱ्याचा आततायीपणा असावा, असें मानणाऱ्यांचा भ्रम २०११ सालीं उजेडांत आलेल्या सरकारी कागदपत्रांनीं दूर केला: दिल्ली आणि मुंबई येथील ब्रिटिश कचेऱ्यांतून निदान ऐंशी स्त्रियांना तरी या प्रसंगांतून जावें लागलें होतें. पतीच्या घराची वाट तपासणीच्या टेबलावरून जावी, याहून लांछनास्पद गोष्ट या साऱ्या इतिहासांत आम्हांस आढळली नाहीं.

१९८० च्या नियमांविरुद्ध तीन स्त्रियांनीं स्ट्रासबुर येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयांत दाद मागितली. तिघीहि ब्रिटनमध्यें कायदेशीरपणें स्थायिक होत्या, आणि तिघींच्या पतींना राहण्याची परवानगी नाकारली गेली होती. त्यांपैकीं एकीचे पति तर आपल्या शेजारच्या दमणचे, पोर्तुगीज अमदानींत जन्मलेले. सरकारचें म्हणणें असें कीं, बेकारी वाढली आहे, आणि बायकांपेक्षां पुरुषच नोकऱ्या अधिक मागतात. ता. २८ मे १९८५ रोजीं निकाल लागला. कोणत्या देशांत संसार करावा याची जोडप्याची निवड मान्य करण्यास सरकार बांधलेलें नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. परंतु पुरुषास जी सवलत ती स्त्रीस नाहीं, हा लिंगभेद असून तो असमर्थनीय आहे, असा निर्णय दिला.

स्त्रिया जिंकल्या. आतां सरकार पतींसाठींहि दार उघडील, असें कोणासहि वाटलें असतें. सरकारनें त्याच उन्हाळ्यांत समता आणली ती दुसऱ्या वाटेनें: पतींना ज्या जाचक कसोट्या होत्या, त्याच पत्नींनाहि लावल्या! १९७३ पूर्वीं स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलीय पुरुषांच्या कुटुंबांना कायद्यानें दिलेलें अभयहि १९८८ सालीं काढून घेण्यांत आलें. यांतील सर्वांत विचित्र कसोटी 'मुख्य हेतू'ची. विलायतेंत प्रवेश मिळविणें हा आपल्या लग्नाचा मुख्य हेतु नव्हता, असें अर्जदारानें सिद्ध करावयाचें. नसलेला हेतु सिद्ध करणें किती अवघड, हें न्यायशास्त्र न शिकलेल्यासहि समजेल. त्यांत आमच्याकडील ठरवून केलेलीं लग्नें! मुलगी सासरीं जाते हा तुमचा रिवाज, मग हा जांवई बायकोच्या देशीं कां येतो, असा प्रश्न अधिकारी करीत. आपल्याकडे घरजांवयाची थट्टा होते, पण त्याला कोणी देशाबाहेर काढीत नाहीं; त्या कचेऱ्यांत मात्र तो रिवाज त्याच्याविरुद्ध पुरावा ठरला. हा नियम जून १९९७ मध्यें रद्द झाला.

तेव्हांपासून हेतूची जागा पैशानें आणि मुदतीनें घेतली आहे. लग्नानंतर कायम वास्तव्याचा हक्क मिळण्यापूर्वीं पूर्वीं एक वर्ष परीक्षेचें असे. २००३ सालीं तें दोन वर्षांचें झालें, आणि २०१२ सालीं पांच वर्षांचें. त्याच वर्षीं, जोडीदारास बोलावणाराचें उत्पन्न सालीना निदान १८,६०० पौंड असलें पाहिजे असा दंडक आला. एप्रिल २०२४ मध्यें तो २९,००० पौंडांवर नेण्यांत आला. नाताळच्या तीन पौंडांच्या करापासून येथपर्यंत आंकडे बदलले. तथापि संसाराला किंमत लावण्याची कल्पना मात्र तीच राहिली.

प्रतिपक्षाची बाजूहि सांगणें न्यायाचें आहे. खोटीं लग्नें होतात, पैसे घेऊन लावलींहि जातात. आणि आपल्या दारांतून कोणास आंत घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण वरील हकीकतींतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या माणसाचे श्रम देशानें घेतले, कर घेतला, ज्याला आपल्या भूमींत राहूं दिलें, त्याला सहधर्मचारिणी किंवा पति यांच्यासह राहण्याचा हक्क आहे कीं ती केवळ मेहेरबानी आहे, या प्रश्नाच्या उत्तरावरून तो देश त्याला माणूस मानतो कीं अवजार, हें कळतें. मेहेरबानी म्हणून जें मिळतें तें १९१२ च्या व्हँकूव्हरसारखें एकट्यापुरतें राहतें. कायदा म्हणून जें मिळतें तेंहि, पहारा ढिला पडल्यास, १९५३ च्या आफ्रिकेसारखें हातचें जातें.

आणि हा पहारा आपण आपल्या उंबरठ्यावरहि ठेविला पाहिजे. आज परदेशची सून किंवा जांवई आपल्या घरांत येणें ही अपूर्वाई राहिलेली नाहीं. २०१५ च्या दुरुस्तीनें, भारतीय नागरिकाशीं झालेला विवाह नोंदलेला असून सतत दोन वर्षें टिकला असेल, तर परदेशी जोडीदारास भारताचें समुद्रपार नागरिकत्वाचें कार्ड मिळूं शकतें. आणि घटस्फोट झाल्यास तें रद्द होऊं शकतें. नागरिकत्वासाठीं अर्ज करावयाचा तर सात वर्षांचें वास्तव्य लागतें. म्हणजे नांदत्या घरांतून निघावें लागलेल्या परक्या सुनेच्या हातून घराबरोबर देशहि जाऊं शकतो, मग तिचीं मुलें येथल्या शाळेंत मराठी कविता पाठ करीत असोत. विलायतेनें आपल्या लेकींस कसें वागविलें, याचा संताप येणें स्वाभाविक आहे. तोच संताप या सुनेच्या बाबतींतहि आपणांस यावा, आणि तिच्या कागदांची चौकशी होत असतां तिच्या शेजारीं उभें राहण्यास घरांतील वडील माणसें पुढें यावीं, एवढेंच या इतिहासाच्या निमित्तानें आमचें वाचकांपाशीं मागणें आहे.